वाट्याचं काय ते बोला



हल्ली जो उठतो तो आपल्याला एकच उपदेश पाजतो. 'नोकऱ्या मागू नका, नोकऱ्या देणारे व्हा.' मंत्री सांगतो, बँकेचा मॅनेजर सांगतो, जयंतीच्या स्टेजवर हार घालायला आलेला बिल्डर सांगतो. ज्यांच्या बापजाद्यांनी तीन पिढ्या सरकारी खुर्च्या उबवल्या तेच आता सांगतात, की खुर्चीत काही राम राहिला नाही. सरकारी कारखाने विकायला काढले, भरती कंत्राटावर नेली, राखीव जागेखालची जमीनच काढून घेतली. आणि नेमकं तेव्हाच यांना आठवलं की दलित पोराच्या अंगात उद्योजक दडून बसलाय. स्टार्टअप काढा म्हणे. काढा. पण कशाच्या बळावर, ते कोणी बोलत नाही.

आम्ही या उपदेशावर थुंकत नाही, हे नीट ध्यानात घ्या. धंदा करणं, कंपनी काढणं, यंत्र घडवणं हे आपलं काम नव्हे असं म्हणणारा मनूचाच वकील आहे. शूद्राच्या धनसंचयावर बंदी घालणारा मनूच होता. जोतीराव फुले शाळा चालवत होते तसे बांधकामाचे ठेकेही घेत होते. तेव्हा कंपनी काढावी की नाही, हा सवाल नाही. सवाल तीन आहेत. पैसा कोणाचा? जीव कोणाचा? आणि वाटा कोणाचा?

स्टार्टअप म्हणजे काय ते आधी साध्या भाषेत समजून घेऊ. पानाची टपरी टाकणं हा धंदा आहे, स्टार्टअप नव्हे. टपरी पहिल्या दिवसापासून गल्ला मोजते. स्टार्टअप वर्षानुवर्षं तोटा खातो, कारण एका शहरात जमलेलं काम पुढे हजार शहरांत थोड्याशा जादा खर्चात करता येईल, अशी त्याची बोली असते. तोवरचा तोटा भरणारे लोक असतात. ते कर्ज देत नाहीत, मालकीत वाटा घेतात. कंपनी बुडाली तर त्यांचेही पैसे बुडाले. तरली तर हिस्सा त्यांचा. दहा ठिकाणी पैसे टाकायचे, बऱ्याच कंपन्या मातीत जाणार हे धरूनच चालायचं, आणि एखादी अशी फळते की सगळ्यांचं नुकसान भरून वर उरतं. हा त्यांचा हिशोब. जुगार आहे, पण अडाण्याचा नाही.

फ्लिपकार्टचं उदाहरण घ्या. सचिन बन्सल आणि बिनी बन्सल, दोघे आयआयटी दिल्लीचे. अॅमेझॉनमधली नोकरी सोडून २००७ साली बेंगळुरूत, कोरमंगलाच्या एका फ्लॅटमधून त्यांनी पुस्तकं विकायला सुरुवात केली. पदरचे चार लाख रुपये घातले. सुरुवातीला स्वतः स्कूटरवरून पुस्तकं पोचवली. तेव्हा आपल्याकडची माणसं न बघितलेल्या दुकानाला आधी पैसे द्यायला कचरत होती. यांनी २०१० साली सांगितलं, माल हातात पडू दे, मग पैसे दे. कुरियरवाल्यावर भरवसा नव्हता, तर माल पोचवायला स्वतःची माणसं उभी केली. म्हणजे बघा, सगळी अक्कल काही कॉम्प्युटरमध्ये नव्हती. माणसाच्या मनातल्या अविश्वासाची नस त्यांनी पकडली. हे शिकण्यासारखं आहे. २००९ साली अॅक्सेलने पैसे घातले, मग टायगर ग्लोबलने. मे २०१८ मध्ये वॉलमार्टने ७७ टक्के वाटा सोळाशे कोटी डॉलरला घ्यायचं ठरवलं. तोपर्यंत कंपनी तोट्यातच चालली होती.

ही गोष्ट आपल्या पोरांना सांगताना 'चार लाख' हा आकडा मोठ्यानं उच्चारला जातो. चार लाखांत अब्जाधीश! पण एक प्रश्न कोणी विचारत नाही. ते चार लाख बुडाले असते तर काय झालं असतं? काही नाही. डिग्री होती, नाव होतं, दोस्त होते. पुढच्या महिन्यात दुसरी नोकरी. त्यांची खरी पुंजी ती. चार लाख नव्हेत, नापास व्हायची ऐपत.

आपल्या पोराचे चार लाख म्हणजे काय? बापाचा प्रॉव्हिडंट फंड. आईचं डोरलं. बहिणीच्या लग्नाला ठेवलेले पैसे. पतपेढीचं कर्ज आणि त्याला जामीन राहिलेला शेजारी. ते बुडाले की घर बुडतं, शेजारी बुडतो, वस्तीत तोंड दाखवायची सोय राहत नाही. वर शिक्का बसतो तो वेगळाच – 'यांना धंदा जमतच नाही.' त्यांच्या पोराची कंपनी बुडाली तर तो अनुभवी होतो, दुसऱ्या कंपनीला त्याला पैसे मिळतात. आपल्या पोराची बुडाली तर जात नापास होते.

आणि असं समजू नका की अक्कल असली, शिक्षण असलं की बाजार गप्प बसून माल घेतो. बाबासाहेबांचंच बघा. कोलंबियात अर्थशास्त्र शिकून आलेला, लंडनचं शिक्षण अर्धवट सोडावं लागलेला हा माणूस १९१७ साली बडोद्याची नोकरी जातीच्या छळामुळे टाकून मुंबईला आला. पोटासाठी त्यांनी शेअर बाजारातल्या लोकांना सल्ला देणारी एक फर्म काढली. त्या काळच्या मुंबईत पैशाचं शास्त्र त्यांच्याइतकं कळणारे किती असतील? गिऱ्हाइकं आलीही. पण सल्लागार अस्पृश्य आहे हे कळलं तशी फिरली. फर्म बंद पडली. सल्ला बरोबर होता की चूक, हे बघायची कोणाला गरजच वाटली नाही. याच माणसानं पुढे रुपयाच्या प्रश्नावर १९२३ साली ग्रंथ लिहिला. भारतात अक्कल स्वस्त आहे, महाग आहे ती ओळख. आणि ओळख जातीच्या दुकानात मिळते.

शंभर वर्षांत हे बदललं म्हणता? २००७ साली सुखदेव थोरात आणि पॉल अॅटवेल यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. खाजगी कंपन्यांच्या जाहिरातींना सारख्याच शिक्षणाचे अर्ज धाडले, फक्त नावं वेगळी. दलित नावाला बोलावणं येण्याची शक्यता सवर्ण नावाच्या तुलनेत सुमारे दोन तृतीयांश निघाली. २०१२ साली दुसरा अभ्यास आला. देशातल्या हजार बड्या कंपन्यांचे नऊ हजारांवर संचालक तपासले. सुमारे ९३ टक्के सवर्ण. अनुसूचित जाती-जमातींचे साडेतीन टक्के. स्टार्टअपला पैसा देणारे याच खुर्च्यांतून उठून येतात. ते म्हणतात, आम्ही जात बघत नाही, आम्ही माणूस बघतो. आणि माणूस कसा बघतात? कुठल्या कॉलेजचा, कोणाच्या ओळखीचा, इंग्रजी कशी बोलतो, कोणत्या सोसायटीत राहतो. जात न विचारता जात शोधायची ही नवी रीत.

यांची दुसरी थाप म्हणजे 'स्वतःच्या हिमतीवर'. कसली हिमत? इंटरनेटचं बी १९६९ साली अमेरिकन सरकारच्या संरक्षण खात्याच्या पैशातून पेरलं गेलं. मोबाइलमध्ये रस्ता दाखवणारी जीपीएस अमेरिकन लष्करानं बांधली. आपल्याकडच्या आयआयट्या जनतेच्या करातून उभ्या राहिल्या. १९९१ साली सरकारनं सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी पार्क काढून कंपन्यांना सवलती दिल्या. २०१६ पासून चहाच्या टपरीवर जे युपीआय चालतं ते रिझर्व्ह बँकेच्या पुढाकारानं उभ्या केलेल्या संस्थेचं. रस्ता सरकारनं बांधायचा, वीज सरकारनं ओढायची, इंजिनियर सरकारनं शिकवायचा. आणि टोल नाका यांचा! काडेपेटी, चपला घेताना आपली माय कर भरते. या रस्त्यात तिचेही पैसे आहेत. म्हणून आम्ही भीक मागत नाही, हिशोब मागतो.

आता सरकार म्हणेल, योजना आहेत की. आहेत. तर त्या ओळखून घ्या. एप्रिल २०१६ मध्ये 'स्टँड-अप इंडिया' आली. दर बँक शाखेनं निदान एका अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाला आणि एका बाईला दहा लाखांपासून एक कोटीपर्यंत कर्ज द्यायचं होतं. पण ते कर्ज. कर्जात तू नापास झालास तर फास तुझ्या एकट्याच्या गळ्यात. २०१५ साली अनुसूचित जातींसाठी व्हेंचर कॅपिटल फंड निघाला आणि सप्टेंबर २०२० मध्ये त्याच्या जोडीला आंबेडकर सोशल इनोव्हेशन अँड इन्क्युबेशन मिशन. चार वर्षांत हजार तरुण निवडायचे, तंत्रशिक्षण संस्थांतल्या केंद्रांत त्यांच्या कल्पना वाढवायच्या, आणि निवडलेल्याला तीन वर्षांत तीस लाख, तेही कर्ज म्हणून नव्हे, भांडवलातला वाटा म्हणून. हा विचार बरोबर आहे. वाट्यात नापास झालास तर दोघं नापास. पण आमचा सवाल असा, की तुमच्या वस्तीतल्या किती पोरांनी या योजनेचं नाव ऐकलंय? कोणत्या समाजमंदिराच्या भिंतीवर तिचा कागद लागला? २०१२ च्या आदेशानं केंद्र सरकारच्या खात्यांनी एकूण खरेदीतली चार टक्के खरेदी दलित-आदिवासी मालकांच्या लहान उद्योगांकडून करायची. किती झाली, हे दर वर्षी खात्याखात्याला विचारायला नको? आणि महामंडळांचं तर बोलूच नये. अण्णाभाऊ साठ्यांचं नाव लावलेल्या महामंडळाच्या पैशात गैरव्यवहार झाला म्हणून त्याच्याच माजी अध्यक्षाला २०१५ साली अटक झाली. मातंग पोराचं भांडवल कुठं मुरतं ते यावरून समजा.

तर मग कंपनी कशाची काढायची? शेठच्या पोरानं काढली तसलीच, पिझ्झा दहा मिनिटांत पोचवणारी? आमचं म्हणणं, ज्याचं दुखणं आपल्याला अंगानं माहीत आहे त्याची काढा. फ्लिपकार्टवाल्यांनी गिऱ्हाइकाचा अविश्वास ओळखला. आपल्याला तर या देशाचं गटार ओळखीचं आहे.

२०१९ ते २०२३ या पाच वर्षांत गटारं आणि सेप्टिक टाक्या साफ करताना ३७७ माणसं मेल्याचं सरकारनंच संसदेत सांगितलं. गटारात उतरणाऱ्या कामगारांची सरकारनं नोंद सुरू केली, तेव्हा २०२४ पर्यंत नोंदलेल्या ३८ हजारांत सुमारे ९२ टक्के अनुसूचित जाती, जमाती आणि ओबीसी निघाले. कायदा २०१३ चा आहे. सुप्रीम कोर्टानं २०१४ साली मेलेल्यामागे दहा लाख सांगितले, २०२३ साली तीस लाख केले. मढ्याचा भाव वाढला. उतरणं थांबलं नाही.

२०१५ साली कोझिकोडला मॅनहोलमध्ये तीन माणसं गुदमरून मेली. त्यातला एक रिक्षावाला, दोघांना वाचवायला उतरलेला. त्यानंतर केरळातल्या काही तरुण इंजिनियरांनी एक यंत्र बनवलं. बँडिकूट. म्हणजे आपली घूस. मॅनहोलच्या तोंडावर उभं करायचं. त्याचा हात आत जातो, पाय पसरून भिंतीला धरतो, कॅमेऱ्यानं बघतो, विषारी वायू हुंगतो, गाळ बादलीत भरून वर आणतो. चालवणारा रस्त्यावर, उजेडात उभा. जेनरोबोटिक्स ही त्यांची कंपनी. २०१८ साली तिरुवनंतपुरमला ते यंत्र पहिल्यांदा कामाला लागलं. केरळ स्टार्टअप मिशनचा हात पाठीवर होता, केरळच्या पाणीखात्याचं काम होतं. पुढे ते इतर राज्यांतल्या शहरांत गेलं, आणि २०२२ साली झोहो कंपनीनं जेनरोबोटिक्समध्ये वीस कोटी रुपये घातले. आधी उतरणाऱ्या कामगारांनाच ते चालवायला शिकवलं गेलं. या पोरांना आमचा सलाम. स्टार्टअप यशस्वी झाला म्हणजे काय, याचं आम्हाला पटणारं उत्तर हेच – एक माणूस खाली उतरायचा वाचला.

पण सलाम ठोकून झाल्यावर पुन्हा तोच सवाल. वाटा कोणाचा? गटार कुठं वळतं, गाळ कुठं दगडासारखा बसतो, पावसाळ्याच्या आधी कुठला वायू साठतो, ही सगळी विद्या पिढ्यान्‌पिढ्या त्यात उतरणाऱ्याच्या अंगात आहे. त्या विद्येला डिग्री नाही, पेटंट नाही. यंत्र आलं की तो चालवणारा होतो, पगार घेतो. मालक होत नाही.

मालकीची एक पायरी दिल्लीत चढून झाली. फेब्रुवारी २०१९ मध्ये दिल्ली जल बोर्डानं गटार साफ करणारी २०० यंत्रं रस्त्यावर आणली. यंत्रं बोर्डाची नव्हेत, ज्यांनी ती चालवायची त्यांच्या मालकीची. कर्ज स्टेट बँकेचं, मध्ये दलित इंडियन चेंबर ऑफ कॉमर्स अँड इंडस्ट्री, आणि कामाची हमी बोर्डाची. गटारात मेलेल्यांच्या घरच्यांना आधी मान दिला. त्याआधी २०१७ साली हैदराबादनं अशीच ७० यंत्रं आणली होती. यात एक गोम नीट बघा. नुसतं कर्ज दिलं असतं तर यंत्र दारात गंजलं असतं आणि हप्ते चढले असते. काम आधी बांधून दिलं, म्हणून कर्ज फिटायची आशा. स्टार्टअपच्या भाषेत याला पहिलं गिऱ्हाईक म्हणतात. पहिलं गिऱ्हाईक मिळालं की निम्मी लढाई जिंकली. सवर्णाला ते चुलत्याच्या ओळखीनं मिळतं. आपल्याला ते महापालिकेकडून भांडून घ्यावं लागेल.

म्हणजे पायऱ्या अशा: उतरणारा, चालवणारा, यंत्राचा मालक, यंत्र घडवणारा. तिसरीपर्यंत काही जण पोचले. चौथी आपल्या इंजिनियरिंगच्या पोरांनी चढायची आहे. वस्तीतला पॉलिटेक्निकचा पोरगा आणि त्याचा सफाई कामगार मामा, हे दोघं एका कंपनीत भागीदार म्हणून बसले पाहिजेत. एकाची विद्या पुस्तकातली, एकाची अंगातली. शेअर दोघांच्या नावावर. तसं झालं तर ती आपली कंपनी. नाहीतर आडनाव आपलं आणि चाल त्यांची.

इथं आपल्याच होऊ घातलेल्या मालकांना दोन शब्द सुनावतो. राग आला तर येऊ द्या. उद्या तू कंपनी काढशील, तेव्हा तुझ्याकडं बॅग पाठीला लावून धावणाऱ्या पोराला काय म्हणशील? 'पार्टनर'? आजच्या ॲपवाल्यांनी हा शब्द काढलाय. पार्टनरची गाडी त्याची, पेट्रोल त्याचं, हाडं मोडली तर तीही त्याची. ॲप फक्त हुकूम सोडतं. गोदीत आम्ही हे ओळखतो. पूर्वी मुकादम दारात उभा राहून आज कोणाला घ्यायचं, कोणाला हाकलायचं ते बोटानं दाखवायचा. आता मोबाइलचा पडदा बोट दाखवतो. मुकादमाला निदान चेहरा होता. आणि जात तर पडद्यातूनही डोकावते. मार्च २०२४ मध्ये झोमॅटोनं 'शुद्ध शाकाहारी' गिऱ्हाइकांसाठी वेगळी टोळी आणि हिरवा गणवेश काढला. ओरड झाली तेव्हा दुसऱ्याच दिवशी हिरवा रंग गुंडाळला. सोसायटीच्या गेटवर लाल सदऱ्याच्या पोराला कोण काय बोललं असतं, हे आपल्याला कोणी समजावून सांगायला नको.

मुकादमाचं बोट एकदा मोडलं गेलंय, हे विसरू नका. गोदी कामगारांसाठी १९४८ साली कायदा झाला. महाराष्ट्रात १९६९ साली माथाडी कायदा आला. हमाल कोणा एका शेठचा नोकर नव्हता, आज या गाळ्यावर, उद्या त्या. तरी बोर्डात त्याची नोंद झाली. मालकानं मजुरी आणि वर लेव्ही बोर्डात भरायची. त्यातून फंड, ग्रॅच्युइटी, औषधपाणी. ॲपवाल्या पोरांसाठी हीच वाट आहे, आणि ती आपल्या घरात पन्नासाहून जास्त वर्षं पडून आहे. राजस्थाननं २०२३ साली अशा कामगारांचा कायदा केला. माथाडी कायदा जन्माला घालणाऱ्या महाराष्ट्राला पुन्हा जाग कधी येणार? तुझी कंपनी निघेल तेव्हा तू लेव्हीच्या बाजूला उभा राहणार की पळवाटेच्या? शोषण करणाऱ्याची जात बदलली म्हणून मार खाणाऱ्याची पाठ दुखायची थांबत नाही.

म्हणून आमचं म्हणणं थोडक्यात. एक, कर्ज नको, वाटा द्या. आणि बुडालेल्याला दुसरी संधी द्या, जशी तुमच्या पोराला देता. दोन, महापालिका आणि सरकारी खाती आपल्या कंपन्यांची पहिली गिऱ्हाइकं झाली पाहिजेत. चार टक्क्यांचा हिशोब चव्हाट्यावर मांडा. तीन, तंत्रशिक्षणाच्या केंद्रांची दारं वस्तीकडं उघडा. प्रयोगशाळा आमच्याही करातून झाल्यात. चार, आपल्या प्रत्येक कंपनीत राबणाऱ्याचा शेअर पहिल्या दिवसापासून कागदावर लिहा.

आणि पोरांनो, तुम्ही एवढं करा. एकट्यानं स्वप्नं बघू नका, चौघं जमा. हिशोब शिका, कोडिंग शिकता तितक्याच जिद्दीनं कंपनीचा कायदा शिका, कारण सह्या करतानाच वाटा जातो. घर गहाण टाकून उडी मारू नका. संध्याकाळी, सुट्टीत, छोटं यंत्र, छोटा प्रोग्रॅम बनवा. एका वॉर्डात चालवून दाखवा. मग महापालिकेच्या दारात जा, एकटे नव्हे, मोर्चा घेऊन. अर्ज एका हातात, मागणी दुसऱ्या हातात. त्यांच्याकडं क्लब आहेत, कॉलेजचे माजी विद्यार्थी आहेत, सासरे आहेत. आपल्याकडं संघटना आहे. तेच आपलं पहिलं भांडवल, आणि ते कोणी उसनं दिलेलं नाही.

उद्या कोणी पुन्हा स्टेजवर चढून 'नोकऱ्या देणारे व्हा' म्हणाला, तर टाळ्या वाजवू नका. उभे राहा आणि विचारा – होतो की साहेब. वाट्याचं काय ते बोला.